ट्रायल

सातपूरच्या गॅरेजातून दिवसाला सात-आठ गाड्या सुटतात.
शेवटचा फेरा माझा. युनूसभाई म्हणतात, तुझा कान चांगला.
कान चांगलाच आहे.
बोंब आहे ती डाव्या अंगठ्याची.

रेशनच्या दुकानातलं मशीन याला ओळखत नाही,
ग्रीसनं रेषा पुसल्यात.
पण कुठल्या हँडलवर काय कुठं
हे मात्र यानंच लक्षात ठेवायचं.
हिचा इंडिकेटर वर, हॉर्न खाली.
तिचा हॉर्न वर, इंडिकेटर खाली.
तिसरीचा डिपर तर्जनीपाशी, चौथीला डिपरच नाही,
आणि पाचवीचं बटण मधोमध दाबल्याशिवाय विझत नाही,
म्हणून ती डावीकडे वळते वळते म्हणत
पपया नर्सरीपर्यंत सरळ जाते.

सुभेदार घुल्यांची जुनी बुलेट वेगळीच.
तिचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या.
देवळाली कॅम्पातून ते स्वतः घेऊन येतात,
आणि मला चावी देताना
मुलीला सासरी धाडल्यासारखं बघतात.
आयटीआय सिग्नलला लाल पडला.
मी ब्रेक म्हणून दाबला तो गिअर निघाला.
पुढं गिरणाऱ्याचा टोमॅटोचा टेम्पो,
मधे एक वीत.
ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला,
पाय काय गहाण ठेवलेत का?

नाही हो.
पाय इथंच होते, पण सकाळच्या गाडीवर.

निवांत असताना अंगठा शहाणा असतो, पायही.
घाई झाली की दोघं आधीच्या गाडीवर पळतात.
आई रागावली की मला
धाकट्याच्या नावानं हाक मारते, तसं.
चूक कळते तिला. पण हाक तर गेलेली असते.

युनूसभाईंचं म्हणणं, किक मारायच्या आधी
नुसता बस. दोन्ही पाय जमिनीवर. डोळे मीट.
बोटांनी सगळं विचारून घे.
मी विचारतो.
बोटं हो हो म्हणतात, लग्नातल्या पाहुण्यांसारखी,
आणि पहिल्या खड्ड्याला नाव विसरतात.

परवा संध्याकाळी माझ्याच गाडीवर
अशोकनगरात, आमच्या बोळाच्या तोंडाशी
इंडिकेटर द्यायला गेलो.
वाजला हॉर्न.
तोही चांगला लांब,
कारण दिवसभर ज्या गाड्या हाताळल्या
त्यांचं बटण जरा रेटून दाबावं लागत होतं.

वरच्या गॅलरीत अहिरराव आले.
दोन वर्षं बोलणं नव्हतं आमचं,
जिन्याखालच्या जागेवरून. तीन फूट बाय सहा.
बनियनवर, हातात अर्धी सोललेली लसणाची पाकळी.
हाक मारलीस?

आता काय सांगायचं माणसाला,
की हाक नव्हती, अंगठा घसरला?
इंडिकेटर तर अजूनही लागलेला नव्हता,
मागून रिक्षावाला ओरडत होता.

हो, म्हटलं. तुमची गाडी
पावसाळ्यापासून ताडपत्रीखाली आहे.
बॅटरी बघून घेतो उद्या.
ते काहीच बोलले नाहीत.
पाकळी सोलून झाली, तोंडात टाकली, आत गेले.

सकाळी माझ्या दाराच्या कडीला
चावी अडकवलेली.

ताडपत्री काढली. सीटखाली मुंग्यांचं गाव.
दोन तास गेले तिच्यात.
मग बसलो, दोन्ही पाय जमिनीवर, डोळे मिटले.
हिचा चोक डावीकडे, हॉर्न कुठंच सापडेना.
वरून आवाज आला, काय झालं?
काही नाही, म्हटलं, ओळख करून घेतोय.
चहा टाकलाय, ते म्हणाले, फेरा मारून ये.

बोळाच्या तोंडाशी मी अगदी सावकाश,
नीट आठवून, इंडिकेटर दाबला.

बाजूच्या गल्लीतलं कुत्रं दचकून उठलं.